झाड तोडल्याने आजार जात नाही

वटवाघळांच्या अंगात विषाणू असतात, हे खरे. पण ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात हे समजून घेतले, तर घाबरण्याऐवजी नेमकी काळजी घेता येते.

मार्च लागला की उमरेड तालुक्यात मोह गळू लागतो. कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या गावांतली माणसे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात आणि रात्री पडलेली फुले वेचतात. त्यांच्याआधी त्या झाडावर कुणीतरी येऊन गेलेले असते. मोहाचे फूल रात्री उमलते. ते मांसल आणि गोड असते, त्याचा वास दूरवर जातो. फळे खाणारी वटवाघळे त्या वासावर येतात, फुलाचा रस चाखतात आणि जाताना एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. मोहाला फळ धरते त्यात या रात्रीच्या पाहुण्यांचा मोठा वाटा आहे.

दिवसा हीच वटवाघळे गावाजवळच्या वडावर, पिंपळावर, चिंचेवर उलटी लटकून झोपलेली दिसतात. एरवी त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पण केरळमध्ये निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की नजरा झाडाकडे वळतात. झाड तोडून टाका, फटाके फोडून थवा उडवून लावा, असा सूर निघतो. ही भीती पोकळ नाही. निपाह झालेल्या रुग्णांपैकी ४० ते ७५ टक्के दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. प्रश्न एवढाच, की झाड तोडल्याने हा धोका कमी होतो का? आजवरचा अनुभव सांगतो, होत नाही. उलट तो वाढू शकतो.

महाबळेश्वरच्या गुहेत काय सापडले?

निपाह हा दूरच्या राज्याचा विषय आहे, असे महाराष्ट्राला आता म्हणता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून ८० वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांतली ६५ फळे खाणाऱ्या रूसेटस जातीची, तर १५ कीटक खाणाऱ्या छोट्या पिपिस्ट्रेलस जातीची होती. पहिल्या जातीतल्या ३३ आणि दुसऱ्या जातीतल्या एका वटवाघळाच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली. दोन्ही जातींच्या प्रत्येकी एका वटवाघळात विषाणूचा जनुकीय अंशही मिळाला. राज्यातील वटवाघळांत निपाहचा पुरावा मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याच संस्थेला २०१० मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील रूसेटस वटवाघळांत एक नवाच विषाणू सापडला होता. त्याला ‘मलसूर’ हे गावाचे नाव मिळाले. त्याने माणसात आजार झाल्याचे दिसलेले नाही.

या दोन्ही शोधांचा अर्थ नीट लावायला हवा. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे त्या प्राण्याची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच. ते वटवाघूळ पकडले त्या दिवशी विषाणू बाहेर टाकत होते, असे त्यावरून ठरत नाही. माणसांमधला निपाहचा उद्रेक महाराष्ट्रात आजवर झालेला नाही. म्हणजे विषाणू आपल्या राज्यातल्या वटवाघळांपर्यंत पोहोचला आहे, पण त्यांच्याकडून माणसाकडे येण्याची वाट अजून उघडलेली नाही. ती बंद राहावी, हीच खरी गरज आहे.

विषाणू आहे, पण आजार नाही

एवढे विषाणू अंगावर वागवूनही वटवाघूळ आजारी का पडत नाही? याचे उत्तर त्याच्या उडण्यात असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते. सस्तन प्राण्यांमध्ये खऱ्या अर्थाने उडणारा हा एकमेव गट. उडताना त्याच्या शरीरातली ऊर्जेची भट्टी जोरात पेटते, तापमान चढते आणि पेशींची झीजही होते. अशा झिजेवर आपले शरीर जशी आग पाखडते, म्हणजे सूज आणि दाह निर्माण करते, तसे वटवाघळाने दर रात्री केले तर ते जगणारच नाही. म्हणून त्याची दाह निर्माण करणारी यंत्रणा उत्क्रांतीत मंद झाली. दुसरीकडे, विषाणूला पहिल्या पायरीवर अडवणारी यंत्रणा काही जातींमध्ये कायम जागी असते. परिणामी विषाणू मरतही नाही आणि माजतही नाही.

माणसाचे तसे नाही. निपाह किंवा कोरोनासारख्या आजारात विषाणूइतकेच नुकसान कधी कधी शरीराच्या अतिरेकी दाहाने होते. एकाच विषाणूची दोन शरीरांत दोन रूपे दिसतात ती त्यामुळे.

निरोगी, पोट भरलेले वटवाघूळ फारसा विषाणू बाहेर टाकत नाही, असे आढळते. उपासमार, हाकलले जाणे यांचा ताण आला की लाळेतून आणि मूत्रातून विषाणू सुटण्याचे प्रमाण वाढू शकते. झाडाचा प्रश्न इथे येऊन मिळतो.

माणसापर्यंतच्या वाटा

पहिली वाट अन्नाची. बांगलादेशात २००१ पासून निपाहचे उद्रेक जवळजवळ दरवर्षी होतात. तिथे हिवाळ्यात खजुरीच्या खोडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि सकाळी तो कच्चाच पितात. झाडांवर रात्री दिसणारे कॅमेरे लावले तेव्हा वटवाघळे येऊन तोच रस चाटताना आणि मडक्यात मूत्र सोडताना दिसली. उपाय साधा निघाला. छेद आणि मडके झाकणारी बांबूची झडप बांधली की वटवाघळे रसापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्याकडे शिंदीची नीरा किंवा ताडी काढणाऱ्यांनी हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. मडक्याचे तोंड उघडे ठेवू नये आणि रस उकळल्याशिवाय पिऊ नये.

दुसरी वाट मधल्या प्राण्याची. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह पहिल्यांदा ओळखला गेला तो डुकरांमुळे. वराहपालनाच्या गोठ्यांवर फळझाडे होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे खाली पडायची, डुकरे ती खायची आणि आजारी पडायची. त्यांच्यापासून कामगारांना लागण झाली. २६५ रुग्ण आढळले, १०५ जण दगावले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. ज्या गावावरून विषाणूला नाव मिळाले, ते सुंगाई निपाह याच भागातले.

तिसरी वाट माणसाकडून माणसाकडे, आणि ती बहुधा रुग्णालयातून जाते. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ रुग्ण आढळले, त्यांतल्या बहुतेकांचा संबंध रुग्णालयांशी होता. केरळमध्ये मे २०१८ च्या उद्रेकात १७ जणांचा मृत्यू झाला. पहिला रुग्ण वगळला तर बहुतेकांना लागण दवाखान्यात झाली होती. कुणी शेजारच्या खाटेवर होते, कुणी सोबतीला आलेले नातेवाईक होते. शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेलाही जीव गमवावा लागला. म्हणजे वटवाघळाकडून माणसाकडे विषाणू एकदाच आला, पुढचा प्रवास त्याने आपल्या गर्दीतून केला. मास्क, हातमोजे, साबणाने हात धुणे आणि तापाच्या संशयित रुग्णाला वेगळे ठेवणे, या साध्या गोष्टींनी ही वाट अडते.

चौथी वाट चाव्याची. भारतात रेबीज म्हणजे कुत्रा, हे समीकरण बरोबरच आहे. जगातल्या माणसांच्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यांमुळे होतात. पण नागालँडमधील वटवाघळांत रेबीजच्या कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आहेत, आणि श्रीलंकेतल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांत तसा एक विषाणूही मिळाला आहे. म्हणून वटवाघळाने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोजते. हळद किंवा चुना लावून वाट पाहू नये.

रक्त पिणाऱ्या वटवाघळाची भीती मात्र काढून टाकावी. जगात अशा तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे आढळतात.

पाचवी वाट धुळीची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. पडक्या वाड्यांत, किल्ल्यांच्या खोल्यांत, बंद पडलेल्या गोदामांत वटवाघळांच्या विष्ठेचे थर साचतात. त्यांत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. कोरडा थर झाडला की तिचे सूक्ष्म कण श्वासातून फुफ्फुसात जातात. बहुतेकांना काही होत नाही किंवा सर्दी-तापावर निभावते. पण मधुमेह, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये ही बुरशी अंगभर पसरू शकते. खोकला, ताप, वजन घटणे, एक्स-रेवर डाग, असे तिचे चित्र हुबेहूब क्षयरोगासारखे असते. क्षयाची औषधे चालू असूनही रुग्ण सुधारत नसेल, थुंकीत जंतू सापडत नसतील आणि त्याने अशा जागी काम केले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही बुरशी वेगळ्या औषधांनी बरी होते, पण आधी तिची शंका यायला हवी.

परजीवी कुणाचे, कुणासाठी?

वटवाघळाच्या अंगावर आणि अंगात परजीवीही भरपूर असतात. त्याच्या लोकरीत पंख नसलेल्या, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या माश्या राहतात. त्या आयुष्यभर वटवाघळाचेच रक्त पितात, माणसाकडे वळत नाहीत. फळखाऊ वटवाघळांच्या रक्तात हेपॅटोसिस्टिस नावाचा, मलेरियाच्या नात्यातला परजीवी असतो, पण तो माणसाला होत नाही. परजीवी सहसा एका यजमानाशी इतका जुळवून घेतो, की दुसऱ्याच्या घरात त्याला राहता येत नाही.

सहसा. या शब्दाला अपवाद कसा घडतो, हे विदर्भाने पाहिले आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला अनेक महिने येऊन-जाऊन ताप येत होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी सापडला. हा परजीवी गुराढोरांना, घोड्यांना आणि उंटांना ‘सर्रा’ हा रोग देतो. माणसात तो निःसंशय सिद्ध होण्याची जगातली ही पहिली वेळ होती. सुरामिन हे औषध दिल्यावर रुग्ण बरा झाला. पुढे कळले, की या परजीवीला मारणारे एक प्रथिन माणसाच्या रक्तात असते आणि नेमके तेच या शेतकऱ्याच्या रक्तात जनुकीय दोषामुळे नव्हते. गावातल्या १,८०६ जणांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात संपर्काच्या खुणा आढळल्या, पण जिवंत परजीवी आणखी कुणाच्याही रक्तात सापडला नाही.

आपल्याकडे सर्रा पसरवतात गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या. दक्षिण अमेरिकेत मात्र हाच परजीवी रक्त पिणारी वटवाघळेही पसरवतात. परजीवी तोच, वाहक वेगळा. म्हणून ‘वटवाघळापासून अमुक रोग होतो’ असे सरसकट विधान निरुपयोगी असते. कोणते वटवाघूळ, कोणता जंतू आणि तो कोणत्या वाटेने येतो, हे विचारल्याशिवाय उपाय सापडत नाही.

मारून पाहिले, तेव्हा काय झाले?

युगांडातल्या कितका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या प्राणघातक विषाणूची लागण झाली. खाणीत हजारो फळखाऊ वटवाघळे राहत होती. नंतर खाण चालवणाऱ्यांनी ती संपवली. काही काळाने नवी वटवाघळे तिथे वस्तीला आली आणि २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गचा मोठा उद्रेक झाला. शास्त्रज्ञांनी पुन्हा नमुने घेतले तेव्हा १३.३ टक्के वटवाघळांत सक्रिय संसर्ग आढळला. सफाईपूर्वी हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. जुन्या, प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्यांची जागा नव्या, कधीच लागण न झालेल्या प्राण्यांनी घेतली की विषाणूला कोरे रान मिळते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे हेंड्रा विषाणू वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की जंगल तुटत गेले तशी वटवाघळे खाद्यासाठी वस्त्यांच्या आणि घोड्यांच्या कुरणांच्या जवळ येऊन राहू लागली. ज्या हिवाळ्यात रानातली निलगिरीची झाडे भरभरून फुलली, त्या वेळी वटवाघळे रानात परतली आणि घोड्यांमधली लागण थांबली.

उमरेडच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रानात मोह, वड, उंबर आणि जांभूळ टिकले, तर वटवाघळे रानात पोट भरतात. ते गेले, तर ती परसातल्या पेरू-चिकूवर येतात. गावाजवळचे एक झाड तोडले तर थवा मरत नाही. तो दहा झाडांवर विखुरतो, घाबरलेला आणि भुकेलेला असतो आणि अधिक घरांच्या जवळ येतो.

कीटक खाणाऱ्या वटवाघळांचा हिशोब निराळा आहे. धान, सोयाबीन आणि मिरचीच्या शिवारावर रात्री फिरणारी ही छोटी वटवाघळे किडींचा फडशा पाडतात. अमेरिकेत एका बुरशीजन्य रोगाने अशी वटवाघळे मोठ्या प्रमाणात मेली. तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्या भागांत अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वटवाघळे गेली तरी माणसाचे आरोग्य बिघडते, ते असे.

कायद्यानेही हळूहळू नजर बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकण्यात आली.

घरोघरी काय करावे?

- पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेले, दातांच्या खुणा असलेले फळ खाऊ नये, चांगला भाग कापूनही नाही. झाडाखाली पडलेली फळे गुराढोरांना किंवा डुकरांना घालू नयेत.
- बाकीची फळे धुवून, शक्यतो सोलून खावीत.
- मोहफुलांमधून निपाह पसरल्याची नोंद नाही. तरी वेचताना कच्ची फुले तोंडात टाकण्याची सवय सोडावी. फुले कडक उन्हात पूर्ण वाळवावीत आणि धुवून, शिजवून खावीत. वेचून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.
- वटवाघळे राहतात त्या झाडाखाली उघडी विहीर किंवा पाण्याचे टाके असेल तर झाकावे. गोठा त्या झाडाखाली बांधू नये.
- वटवाघळाचे मांस किंवा तेल दम्यावर, सांधेदुखीवर चालते, हा समज निराधार आहे. प्राणी पकडताना आणि कापताना रक्त व लाळेशी थेट संबंध येतो. धोका पत्करून फायदा शून्य.
- खाली पडलेल्या किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना खेळू देऊ नये. फावड्याने उचलून खोल पुरावे. एकाच जागी अनेक मेलेली आढळली, तर वन विभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.
- विष्ठा साचलेली खोली झाडण्याआधी पाणी शिंपडून थर ओला करावा आणि चांगला मास्क लावावा. घराच्या छपरात वटवाघळे असतील, तर संध्याकाळी ती बाहेर गेल्यावर फटी बुजवाव्यात. पिल्ले असताना मात्र हे करू नये.

ताप आला तर

उमरेड परिसरात ताप आला तर पहिली शंका निपाहची नसते. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, विषमज्वर हेच इथले नेहमीचे ताप. तापासोबत झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर जपानी मेंदुज्वर आणि चांदीपुरा यांचा विचार होतो. यातला चांदीपुरा विषाणू तर १९६५ मध्ये नागपूर परिसरातच सापडला आणि तिथल्या गावाच्याच नावाने जगभर ओळखला जातो. तो पसरतो सॅण्डफ्लाय या बारीक माशीमुळे. वटवाघळांचा त्याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

पण तापासोबत डोके प्रचंड दुखणे, बोलण्यात गोंधळ, झोपाळूपणा किंवा धाप लागणे सुरू झाले, तर घरी थांबू नये. डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात. गेल्या दोन-तीन आठवड्यांत केरळ, पश्चिम बंगाल किंवा बांगलादेशाचा प्रवास झाला का, उष्टे फळ किंवा कच्चा रस पोटात गेला का, आणि घरात किंवा शेजारी असाच आजार कुणाला आहे का. निपाहची लक्षणे बहुधा ४ ते १४ दिवसांत दिसतात, म्हणून एवढ्या काळाची आठवण महत्त्वाची. तपासणीसाठी नमुने पुण्याला पाठवण्याची सोय सरकारी यंत्रणेत आहे. निपाहवर खात्रीचे औषध किंवा लस अजून बाजारात नाही. त्यामुळे संशय लवकर येणे आणि रुग्णाला वेळेत वेगळे ठेवणे, हेच सर्वांत मोठे हत्यार आहे.

त्यासाठी लागते ते झाकलेले मडके, धुतलेले हात आणि दवाखान्यात खरी माहिती सांगणारा नातेवाईक. कुऱ्हाडीचे यात काही काम नाही.